एम्बाप्पे आठ वेळा का अडकला? हान्सी फ्लिक यांच्या ‘हाय लाइन’चं गणित

२६ ऑक्टोबर २०२४. माद्रिदमध्ये शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवार उजाडायच्या आधीचे साडेबारा. बर्नाबेउ स्टेडियमवर रिअल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना. रिअलचा किलियन एम्बाप्पे हा जगातल्या सर्वांत वेगवान फॉरवर्डपैकी एक. त्या रात्री तो एकटा आठ वेळा ऑफसाइड सापडला आणि रिअलचा संघ मिळून बारा वेळा. दोनदा एम्बाप्पेने बॉल जाळ्यात घातला, दोन्ही गोल रद्द झाले. बार्सिलोनाचे बचावपटू स्वतःच्या गोलपासून चाळीसेक मीटर पुढे, मध्यरेषेच्या जवळ उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे सगळं मोकळं रान होतं. सामना बार्सिलोनाने ४-० असा जिंकला.

त्यानंतर बार्सिलोनाचा सामना लागला की एक प्रश्न हमखास येतो. इतकी जागा मागे सोडून हे लोक उभे कसे राहतात, आणि रोज मार कसा खात नाहीत? कधी कधी खातातही, तेव्हा प्रश्न उलटा होतो: हा हट्ट कशासाठी?

उत्तर शोधताना बहुतेकांची नजर बचावफळीवर जाते. बार्सिलोनाचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांच्या पद्धतीची किल्ली तिथे नाही. ती पन्नास मीटर पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या पायात बॉल असताना त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्या फॉरवर्डकडे आहे. याच पद्धतीने फ्लिक यांना एका वर्षात सहा चषक मिळवून दिले, आणि हाच विचार घेऊन ते जर्मनीच्या संघाकडे गेले तेव्हा त्यांची नोकरी गेली. दोन्ही गोष्टी नीट समजल्या की ही पुढे चढवलेली बचावफळी, म्हणजे हाय लाइन, समजते.

## आधी ऑफसाइड, एकदाच आणि नीट

तुमचा साथीदार बॉलला पाय लावतो तो क्षण पकडा. त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात आहात, बॉलच्या पुढे आहात आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे आहात, तर तुम्ही ऑफसाइड जागी आहात. शेवटचा खेळाडू बहुतेक वेळा गोलकीपर असतो, म्हणून शेवटून दुसरा म्हणजे व्यवहारात सर्वांत मागचा बचावपटू. त्याच्या बरोबरीने असाल तर चालतं. हात मोजत नाहीत. डोकं, धड आणि पाय मोजतात.

घोळ होतो तो वेळेचा. बॉल तुमच्याकडे पोचला तेव्हा तुम्ही कुठे होता याला काही अर्थ नाही, साथीदाराने तो मारला तेव्हा कुठे होता ते बघतात. म्हणून टीव्हीवर एखादा फॉरवर्ड सगळ्यांच्या पुढे एकटा पळताना दिसतो आणि तरी गोल ग्राह्य धरला जातो.

आणखी तीन पोटनियम पुढे लागणार आहेत. स्वतःच्या अर्ध्यात कुणी ऑफसाइड होत नाही. गोल किक (स्वतःच्या गोलसमोर बॉल जमिनीवर ठेवून मारलेली किक), कॉर्नर आणि थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. आणि नुसतं ऑफसाइड जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. खेळात भाग घेतला, प्रतिस्पर्ध्याला अडवलं किंवा त्या जागेचा फायदा उठवला तरच शिट्टी वाजते.

थोडक्यात, ही चालती लक्ष्मणरेषा आहे. चुन्याने कुणी आखलेली नाही, बचावपटू जिथे उभे राहतील तिथे ती. हाय लाइन म्हणजे बचावपटूंनी पुढे सरकून ही रेषा मध्यरेषेच्या दिशेने ढकलणं.

## उंबरठा अंगणात नेऊन काय मिळतं?

घराचा उंबरठा उचलून अंगणाच्या कडेला नेऊन बसवला तर पाहुण्याला थांबायला अंगण उरत नाही, त्याला रस्त्यावरच उभं राहावं लागतं. हाय लाइन प्रतिस्पर्ध्याच्या फॉरवर्डचं हेच करते. गोलपासून वीस मीटरवर दबा धरून बसायची सोय त्याला राहत नाही.

पण मोठा फायदा वेगळाच आहे. मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. फॉरवर्ड पुढे दाब द्यायला, म्हणजे बॉल असलेल्याच्या अंगावर धावून जायला, गेले आणि बचावपटू मागेच राहिले, तर पहिल्या आणि शेवटच्या फळीत ५० मीटरचं अंतर पडतं. ५० गुणिले ६८ म्हणजे ३,४०० चौरस मीटर, गोलकीपर सोडून दहा खेळाडूंनी राखायचे. प्रत्येकाच्या वाट्याला ३४० चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ गुणिले १० म्हणजे १३० चौरस मीटरचं असतं, तेव्हा प्रत्येकाने एकट्याने अडीच कबड्डी मैदानं सांभाळायची. आता बचावफळी वीस मीटर वर आणा. अंतर ३० मीटर, क्षेत्र २,०४० चौरस मीटर, माणशी २०४. दीड मैदान. इतक्या दाटीत प्रतिस्पर्ध्याला बॉल थांबवून मान वर करायला सवड मिळत नाही, पास चुकतो, आणि बॉल पुन्हा आपल्याकडे, तोही त्यांच्या गोलच्या जवळ.

म्हणजे हाय लाइन मुळात ऑफसाइड पकडण्यासाठी नसते. मैदान आखूड करण्यासाठी असते. ऑफसाइड हा वरचा नफा.

## बॉल झाकलेला की उघडा

फळी पुढे जाणार की मागे येणार, हे ठरतं बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्याकडे बघून.

त्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, मान खाली आहे, किंवा आपला खेळाडू त्याच्या एक-दोन मीटरवर येऊन ठेपला आहे, तर त्याला लांब आणि अचूक पास देता येत नाही. याला बॉल ‘झाकलेला’ म्हणू. तो वळलेला आहे, मान वर आहे, पाय मागे न्यायला जागा आहे आणि अंगावर कुणी नाही, तर बॉल ‘उघडा’.

झाकलेल्या बॉलवर फळी पुढे सरकते. उघड्या बॉलवर फळी मागे पळते, पास सुटायच्या आधीच, पाच ते दहा मीटर. मधला मार्ग नाही. बॉल उघडा असताना वर उभं राहणं म्हणजे उंबरठा अंगणात आणि दार सताड उघडं. ज्यांच्या हाय लाइनचं हसं होतं त्यांची चूक दहापैकी आठ वेळा इथेच असते, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक बचावपटूला शिव्या घालतात. बॉल उघडा ठेवणारा माणूस पुढे कुठेतरी चालत असतो आणि कॅमेऱ्यात येतही नाही.

फ्लिक यांच्या बार्सिलोनात दाबाची सुरुवात सगळ्यात पुढून होते. राफिन्या हा डावीकडचा फॉरवर्ड, पण बॉल गमावल्यावर सर्वांत आधी धावणारा. पेद्री मधल्या फळीत मागून येऊन दुसरी वाट बंद करतो. प्रतिस्पर्ध्याने मागे पास दिला, पहिला स्पर्श लांब गेला, किंवा पास सीमारेषेकडे वळला, की तो धावण्याचा इशारा. आणि तोच इशारा बचावफळीला पुढे सरकण्याचा. पुढचे आणि मागचे एकाच खुणेवर हलतात.

## पाव सेकंदाचा हिशेब

पूर्ण वेगातला फॉरवर्ड सेकंदाला साधारण नऊ मीटर जातो. त्याच वेळी फळी उलट दिशेने सेकंदाला तीन मीटर पुढे आली, तर दोघांतलं अंतर सेकंदाला बारा मीटरने बदलतं. पास द्यायला साथीदाराला पाव सेकंद जरी उशीर झाला तरी फॉरवर्ड तीन मीटर ऑफसाइड. आणि उशीर का होतो? अंगावर कुणीतरी आलं म्हणून. एम्बाप्पे त्या रात्री आठ वेळा चुकला त्यात हा मोठा भाग आहे. तो पळत योग्य वेळी होता, पास त्या वेळी सुटत नव्हता.

हाच हिशेब उलटा फिरला की महागात पडतो. पास वेळेवर सुटला तर फॉरवर्ड आधीच वेगात आहे आणि बचावपटू पुढे पाऊल टाकतो आहे. त्याला थांबून, वळून, मग धाव घ्यायची आहे. तेवढ्यात पाच-सहा मीटर गेलेले असतात आणि ते भरून निघत नाहीत.

फळीतले चौघे एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर असतात. हाक देणारा एकच, बहुतेक वेळा मधल्या दोघांपैकी अनुभवी. दोघांनी हाका दिल्या की फळी मोडली. कबड्डीत साखळी धरलेले दोघे एकाच क्षणी झेपावतात. एकाने आधी पाऊल टाकलं की चढाई करणारा त्याच फटीतून निसटतो. इथेही तसंच, फक्त हात धरलेले नसतात.

सर्वांत जास्त चुकतो तो बॉलच्या विरुद्ध बाजूचा फुलबॅक, म्हणजे फळीच्या कडेचा बचावपटू. बॉल डावीकडे असताना उजवीकडचा बचावपटू स्वतःच्या माणसाकडे बघत दोन पावलं मागे राहतो, आणि रेषा शेवटच्या माणसावरून मोजतात म्हणून त्याची दोन पावलं सगळ्यांना भोवतात.

राहिला गोलकीपर. फळी चाळीस मीटरवर असेल तर त्याने गोलरेषेवर थांबून भागत नाही. बॉल प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असताना तो वीस-पंचवीस मीटर पुढे येतो, म्हणजे फळीमागे पडलेला लांब पास फॉरवर्डच्या आधी त्याला गाठता येतो.

## म्युनिक: काळजीवाहू माणसाचे सहा चषक

फ्लिक यांचा जन्म १९६५ सालचा, हायडेलबर्गचा. बायर्न म्युनिककडून मधल्या फळीत खेळले. प्रशिक्षक म्हणून २००० साली होफेनहाइम हा चौथ्या श्रेणीतला संघ घेतला आणि वर्षभरात तिसऱ्या श्रेणीत नेला. २००६ पासून आठ वर्षं ते जर्मनीच्या राष्ट्रीय संघात योआखिम ल्योव यांचे सहायक होते. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघामागचे दुसऱ्या खुर्चीतले गृहस्थ. ब्राझीलहून परतल्यावर त्यांनी जर्मन फुटबॉल संघटनेत क्रीडा संचालकाचं काम केलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते बायर्नमध्ये निको कोव्हाच यांचे सहायक झाले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बायर्न फ्रँकफर्टकडून ५-१ हरलं, कोव्हाच गेले आणि फ्लिक यांना तात्पुरतं नेमलं. दहा सामन्यांनंतर संघ चौथ्या क्रमांकावर होता. लगेचच्या लीग सामन्यात त्यांनी डॉर्टमुंडला ४-० हरवलं.

बदल काय केला? खेळाडू तेच. बचावफळी वर आणली आणि पुढून दाब सुरू केला. लुकास हर्नांडेझ आणि निकलास झ्यूले जखमी असल्याने डाव्या बाजूचा डेव्हिड अलाबा मध्यभागी खेळू लागला, तो बोलका होता आणि फळीला हाका देऊ लागला. त्याच्या जागी डावीकडे अल्फोन्सो डेव्हिस, ज्याचा वेग चुका पोटात घालायचा. मागे गोलकीपर मॅन्युएल नॉयर, पेनल्टी पेटीबाहेर येऊन बॉल साफ करण्यात त्याच्या पिढीत सर्वांत पुढे. आणि सगळ्यांच्या पुढे थॉमस म्युलर, दाब कुठून सुरू करायचा ते ओरडून सांगणारा.

१४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ हरवलं. नऊ दिवसांनी पॅरिसच्या संघाला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, त्या स्पर्धेतले अकराच्या अकरा सामने जिंकून. जर्मन लीग, जर्मन चषक, चॅम्पियन्स लीग, दोन सुपर चषक आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब विश्वचषक, असे सहा. त्याआधी हे फक्त २००९ च्या बार्सिलोनाने केलं होतं.

पण ल्योंविरुद्धची उपांत्य फेरी पुन्हा बघा. निकाल ३-०. सुरुवातीच्या मिनिटांत मात्र ल्योंचा मेम्फिस डीपाय फळीमागे एकटा सुटला होता आणि त्याचा फटका बाहेर गेला. थोड्या वेळाने त्यांचा दुसरा फटका खांबाला लागला. पुढच्या मोसमात ही फट उघड झाली. ८ जानेवारी २०२१ रोजी म्योन्शनग्लाडबाखविरुद्ध बायर्न २-० पुढे होतं आणि ३-२ हरलं. योनास होफमान दोनदा फळीमागे धावला, दोन्ही गोल. बायर्नने लीग पुन्हा जिंकली, ९९ गोल करून, पण ४४ खाल्लेही. कमी विश्रांती आणि भरगच्च वेळापत्रकामुळे पुढचे पाय दमले होते. फळी तिथेच होती, बॉल उघडा राहू लागला होता.

## मग जर्मनीच्या संघात हेच का फसलं?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये फ्लिक राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. पहिले आठही सामने जिंकले. मग कतारचा विश्वचषक.

२३ नोव्हेंबर २०२२, जपानविरुद्धचा सामना. ८३ व्या मिनिटाला स्कोअर १-१. जपानला त्यांच्याच अर्ध्यात फ्री किक मिळाली. को इताकुराने ती सरळ लांब मारली, ताकुमा असानो जर्मनीच्या डाव्या बाजूने फळीमागे धावला, निको श्लॉटरबेक त्याला गाठू शकला नाही, गोल. ऑफसाइड का नाही? कारण पलीकडच्या बाजूला उजवा फुलबॅक म्हणून खेळणारा झ्यूले दोन पावलं मागे राहिला होता.

एका गोलमध्ये दोन चुका आल्या. विरुद्ध बाजूचा फुलबॅक, हे वर आलंच. दुसरी चूक जास्त मोलाची: फ्री किक म्हणजे थांबलेला बॉल. मारणाऱ्यावर दाब टाकताच येत नाही, दहा यार्ड दूर राहावं लागतं. थांबलेला बॉल हा नेहमी उघडा बॉल. तिथे फळीने आधीच मागे असायला हवं होतं.

जर्मनी स्पेनशी १-१ बरोबरीत राहिला, कोस्टारिकाला ४-२ हरवलं, आणि गोलफरकावर पहिल्याच फेरीत बाहेर. ९ सप्टेंबर २०२३ ला वोल्फ्सबुर्गमध्ये जपाननेच ४-१ हरवलं. दुसऱ्या दिवशी फ्लिक यांना काढलं. जर्मनीच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाला पदावरून हटवण्याची ती पहिलीच वेळ.

कारण अनेक होती, सगळं हाय लाइनवर ढकलणं अन्यायाचं होईल. पण एक कारण पद्धतीच्या मुळाशी जातं. क्लबमध्ये चौघे बचावपटू रोज एकत्र सराव करतात. राष्ट्रीय संघ वर्षातून मोजक्या वेळा, काही दिवसांसाठी जमतो, आणि प्रत्येक जण आपापल्या क्लबची सवय घेऊन येतो. कुणाच्या क्लबात फळी पंचवीस मीटरवर, कुणाच्या चाळीसवर. लेझीमचा ताल एका बैठकीत बसत नाही, आणि इथे ताल चुकला तर थेट गोल.

## बार्सिलोनात पुन्हा जमलं ते कशामुळे?

मे २०२४ मध्ये बार्सिलोनाने फ्लिक यांना घेतलं. हाक देण्याचं काम इनिगो मार्टिनेझकडे आलं, तेव्हा तेहतीस वर्षांचा. शेजारी सतरा वर्षांचा पाउ कुबार्सी. उजवीकडे ज्युल्स कुंडे, डावीकडे वेगवान अलेहांद्रो बाल्दे. त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना ऑफसाइडमध्ये पकडण्यात स्पेनमधला दुसरा कुठलाही संघ त्यांच्या जवळपास नव्हता. लीग ८८ गुणांनी जिंकली, १०२ गोल केले, ३९ खाल्ले. किंग्ज कप आणि स्पॅनिश सुपर कपही मिळाले.

त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटर मिलानने त्यांना दोन सामन्यांत मिळून ७-६ असं बाहेर काढलं. मिलानमधल्या दुसऱ्या सामन्यात बाल्दे आणि कुंडे दोघेही जखमी, म्हणजे फळीच्या दोन्ही कडा नवीन. पहिला गोल बघा: बार्सिलोनाने स्वतःच्या अर्ध्यात बॉल गमावला, इंटरने एका पासमध्ये डुमफ्रीसला मोकळं केलं, त्याने लाउतारोला दिला. आपण बॉल खेळवत असताना फळी पसरलेली असते; त्या क्षणी बॉल गेला तर रेषा आखायला वेळच नसतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात मार्टिनेझ सौदी अरेबियाच्या क्लबला गेला. ऑक्टोबरमध्ये सेव्हियाने ४-१ हरवलं, बर्नाबेउवर रिअलने २-१ हरवलं, नोव्हेंबरमध्ये ब्रुगेने ३-३ वर रोखलं. वर्षभरापूर्वी आठ वेळा अडकलेल्या एम्बाप्पेने या वेळी बेलिंगहॅमच्या पासवर फळीमागे जाऊन गोल केला. चर्चा सगळी मार्टिनेझच्या जाण्याची झाली, आणि हाक देणारा गेल्याचा फटका बसलाच. पण त्या सामन्यात राफिन्याही जखमी होता, फॉरवर्ड लेवांडोव्स्कीही नव्हता. बेलिंगहॅमला मान वर करून पास द्यायला जागा मिळाली ती पुढच्या बाजूची तूट होती.

## ‘हा जुगार नाही का? मागे दाटीने उभे राहा की!’

मागे उभं राहणंही फुकट पडत नाही. फळी पेटीच्या कडेवर असेल तर प्रत्येक क्रॉस (कडेवरून पेटीत मारलेला बॉल), प्रत्येक कॉर्नर, कुणाच्या पायाला लागून वळलेला प्रत्येक फटका गोलच्या तोंडावर येतो. आणि बॉल जिंकल्यावर समोरचा गोल ऐंशी मीटर दूर. हाय लाइनमध्ये धोके संख्येने कमी पण प्रत्येक मोठा. खोल बचावात धोके छोटे पण सतत. ज्या संघाकडे यमाल, राफिन्या, लेवांडोव्स्की यांच्यासारखे फॉरवर्ड आहेत त्याने बॉल वर जिंकायचा सौदा करणं मला रास्त वाटतं. पुढच्या तिघांत धावणारे नसतील तर तोच सौदा वेडेपणाचा ठरेल.

## ‘त्यासाठी बचावपटू वेगवानच हवेत ना?’

मार्टिनेझ कधीच वेगवान नव्हता. त्याचं कसब वाचण्यात होतं: पास देणारा पाय मागे नेतो त्या क्षणी पुढे एक पाऊल. वेग लागतो तो चूक झाल्यावर, आणि चौघांपैकी एक-दोघांकडे असला तरी चालतो. म्युनिकमध्ये ते काम डेव्हिसचं होतं, बार्सिलोनात बाल्दे आणि कुंडेचं. चौघेही वेगवान आणि चौघेही मुके, ही जास्त वाईट फळी.

## ‘हे सगळं कॅमेऱ्यांमुळे जमतंय’

यात तथ्य आहे. पूर्वी शंका असली तर फायदा फॉरवर्डला द्यावा असा पंचांचा कल असायचा, आणि पळणाऱ्या दोघांतलं अर्ध्या पावलाचं अंतर उघड्या डोळ्यांनी ठरवणं फार अवघड. स्पॅनिश लीगने २०२४-२५ पासून अर्धस्वयंचलित ऑफसाइड आणलं: कॅमेरे खेळाडूंच्या शरीराच्या जागा टिपतात आणि रेषा संगणक काढतो. बोटभर ऑफसाइडही सापडतो, त्यामुळे धाडस करणाऱ्या फळीचा विमा उतरल्यासारखं झालं. पण २०२० चं बायर्न या यंत्रणेशिवायच जिंकलं होतं. शिवाय यंत्र दोन्हीकडे कापतं. बचावपटूची मागे राहिलेली टाचही त्यात दिसते.

## फोडायची कशी?

लांब पास मारत राहणं हा सर्वांत कच्चा उपाय. पक्का उपाय तिसऱ्या माणसाचा. फॉरवर्ड फळीपासून दूर, बॉलकडे येतो. पायावर पास घेतो. एका स्पर्शात मागे मधल्या फळीतल्या साथीदाराला देतो. त्या साथीदाराचं तोंड गोलकडे असतं, म्हणजे बॉल एका क्षणात उघडा झाला. त्याच वेळी तिसराच कुणी मागून, फळीच्या अलीकडून धावत निघतो. तो मागून येत असल्याने ऑफसाइड होणं अवघड, आणि बचावपटूंची नजर पहिल्या फॉरवर्डवर असते.

दुसरा उपाय म्हणजे पास न देता बॉल घेऊन स्वतःच पळणं. बॉल ज्याच्या पायात आहे तो ऑफसाइड होत नाही. तिसरा, गोल किक. तिच्यावर ऑफसाइड नाही, त्यामुळे लांब मारणारा गोलकीपर असेल तर फॉरवर्ड थेट फळीमागे जाऊन उभा राहू शकतो. मात्र गोलकीपरने बॉल हातात धरून मारला तर ती गोल किक नव्हे, तिथे ऑफसाइड लागतो. हा फरक बऱ्याच खेळाडूंनाही ठाऊक नसतो.

## गावातल्या, तालमीच्या किंवा कॉलेजच्या संघाने करून बघावं का?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असो की गोव्यातल्या गावच्या मैदानावर, करून बघण्यासारखं आहे, पण फळी माफक वर ठेवून. स्थानिक सामन्यात व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच) नसतं आणि रेषेवरचा पंच फळीच्या बरोबरीने पळत असेलच असं नाही. पळत नसेल तर त्याला खरी रेषा दिसतच नाही. म्हणून टीव्हीत दिसते त्यापेक्षा पाच-सहा मीटर मागे राहावं आणि शिट्टीची वाट न बघता धावत सुटायची सवय लावावी. हात वर करून उभा राहणारा बचावपटू तिथे गोल घालवतो. पावसाळ्यात चिखलात बॉल मध्येच थांबतो, गोलकीपरला पुढे येण्याचा अंदाज चुकतो. त्या महिन्यांत आणखी मागे.

सराव असा. पहिली दहा मिनिटं फॉरवर्ड नकोतच. चौघे बचावपटू आठ-आठ मीटरवर, समोर वीस मीटरवर प्रशिक्षक पायात बॉल घेऊन. त्याने पाठ फिरवली की चौघे पाच पावलं पुढे, मान वर करून पाय मागे नेला की पाच पावलं मागे. हाक एकाचीच. मग दोन फॉरवर्ड आणि दोन पास देणारे आत घ्या, पण पास देणाऱ्यांवर दाब टाकायला कुणी ठेवू नका. फळी फुटेल, फुटू द्या, का फुटते ते खेळाडूंना दिसेल. शेवटच्या टप्प्यात दाब देणारे दोघे आत आणा. त्यांना पंधरा-वीस सेकंद जोरात धावायचं आणि मिनिटभर विश्रांती, असे सहा फेरे. फेऱ्यागणिक ते पास देणाऱ्यापर्यंत पोचायला किती उशीर करतात ते मोजत जा, कारण सामन्यात बदली खेळाडू कधी उतरवायचा ते त्या आकड्यावरून ठरतं. साठाव्या मिनिटाला पहिले दमतात ते फॉरवर्ड. त्यांना बदलायला बाकावर कुणी नसेल, तर हाक देणाऱ्याने त्याच मिनिटाला फळी दहा मीटर मागे घ्यायची.